मदत हवी आहे: अटारी टेम्पेस्टच्या स्पिनरची दातेरी चकती आणि बुश कुठे बनवून मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात राहतो. गेल्या वर्षी येथील एका गॅरेज सेलमध्ये मला अटारी कंपनीचे १९८१ सालचे टेम्पेस्ट हे आर्केड यंत्र, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचे यंत्र, मूळ कपाटासह मिळाले. पडदा उजळतो, आवाज येतो, नाणेपेटीही चालते. घोडे अडले आहे ते स्पिनरपाशी, म्हणजे ज्या गोल मुठीने खेळणारा आपला पिवळा पंजा पडद्यावरच्या नळीच्या कडेवरून फिरवतो, तिच्यापाशी. या खेळाला जॉयस्टिक नाहीच, त्यामुळे स्पिनर बिघडला की बाकी सगळे धडधाकट असूनही यंत्र निव्वळ शोभेचे उरते.

मूठ सावकाश फिरवली तर पंजा नीट सरकतो, मात्र झपाट्याने फिरवली की मध्येच एखादे घर मागे उडी मारतो. स्पिनर खोलला तेव्हा दोन दोष आढळले. मुठीचा दांडा ज्यात फिरतो त्या वरच्या प्लास्टिकच्या बुशाचे (आधाराच्या नळकांड्याचे) भोक झिजून लंबगोल झाले आहे, आणि दांड्यावरच्या ७२ दातांच्या चकतीचे तीन दात मुळापासून तुटले आहेत. ही चकती दोन ऑप्टिकल सेन्सरांच्या फटींतून फिरते. दोन्ही सेन्सरांचे सिग्नल एकमेकांच्या पाव चक्र मागेपुढे येतात आणि आधी कोणता बदलला यावरून दिशा ठरते. एक दात आणि एक खाच मिळून अवघे ५ अंश होतात, तेव्हा दांडा जरासा डुलला तरी हा क्रम चुकणारच.

चकतीचा एक प्रयोग करून फसलो आहे. एका विक्रेत्याकडून थ्रीडी प्रिंटरवर छापलेली चकती मागवली. ती दिसायला काळीकुट्ट, मापालाही बरोबर. पण बसवल्यावर पंजा जागचा हलेना. दोन दिवस सेन्सर पुसण्यात आणि सोल्डर तपासण्यात घालवले. शेवटी टीव्हीचा रिमोट चकतीमागे धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर रिमोटचा दिवा आरपार लुकलुकताना दिसला. सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालतात आणि त्या प्लास्टिकातला काळा रंग तो प्रकाश अडवतच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत, पण तो वाद येथे नको.

बॉल बेअरिंग घातलेले सुधारित स्पिनर मिळतात याची मला कल्पना आहे. तरीही मूळ बांधणी शक्य तितकी राखावी अशी इच्छा आहे. डिसेंबरमध्ये मी कोल्हापूरला येत आहे. तेथील शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतील एखादा टर्नर (लेथवर काम करणारा कारागीर) पाच-सहा बुशांचे एवढे किरकोळ जॉबवर्क घेईल का? बुशासाठी नायलॉन घ्यावे की दुसरे काही? आणि चकती कोणत्या पद्धतीने कापून घ्यावी?

प्रतिसाद

आर्केड यंत्र मी उघडून पाहिलेले नाही, परंतु लेथवर (वस्तू फिरवत ठेवून कापण्याच्या यंत्रावर) बरीच वर्षे काढली आहेत, त्या आधारावर लिहितो. नायलॉन टाळावे. ते हवेतील ओलावा शोषून फुगते, आणि कोल्हापुरात मोकळा फिरणारा दांडा दुसऱ्या हवेत जाम होऊ शकतो. डेलरिन या कडक प्लास्टिकचा रॉड घ्यावा; ते ओलावा फारच कमी शोषते आणि लेथवर स्वच्छ कापले जाते. भोक थोडे लहान ठेवून शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) मारायला सांगावे. माप झिजलेल्या भोकावरून मुळीच घेऊ नये.

चकतीसाठी स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा घेऊन वायरकट करावे (बारीक तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापण्याची ही पद्धत), म्हणजे प्रकाश आरपार जाण्याचा प्रश्नच मिटेल. दहा पत्रे एकावर एक घट्ट आवळले तर एकाच फेरीत दहा चकत्या निघतात. वायरकटचा खर्च मुख्यतः कापण्याच्या वेळेवर अवलंबून असतो, त्यामुळे एक चकती कापून घेण्यापेक्षा दहा परवडतात. दात आणि खाच समान रुंदीचे हवेत आणि तारेच्या जाडीची सूट प्रोग्रॅममध्ये द्यायला हवी, हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहावे. नाहीतर दात बारीक होतील आणि पंजा पुन्हा उड्या मारू लागेल.

जॉब लहान आहे म्हणून कोणी नाही म्हणणार नाही, फक्त महिनाअखेरीच्या घाईत जाऊ नये. येताना मूळ दांडा अवश्य आणावा. ड्रॉइंग कितीही चांगले असले, तरी दांडा हातात असला की टर्नर भोक त्यावरच बसवून पाहतो.