निलगिरीचे ओले सरपण पावसाळ्यात वाळेल का?

कोयनाकाठ
आमचे घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. मेअखेरच्या वळवात बांधावरच्या दोन निलगिरी उन्मळून पडल्या आणि आंब्याची एक मोठी फांदी मोडली. ओंडके दीड हाताचे करून घेतले, परंतु फोडायला माणूस मिळेपर्यंत मृग लागला, म्हणून थोड्या ढलप्या आणि उरलेले ओंडके अंगणात रचून ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट बांधली. काल ती उचलली तेव्हा आंब्याच्या सालीवर पांढरी बुरशी दिसली. बंबात घातलेल्या ढलपीच्या टोकातून फेस येत राहिला आणि पाणी तापायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. हे सरपण या पावसाळ्यात वाळेल का, आणि उरलेले ओंडके आता फोडावेत की दिवाळीनंतर?

जावळीचा शेतकरी
ओंडके आताच फोडावेत. निलगिरीची रेषा पिळदार असते. ओली असताना ती कुऱ्हाडीला वाट देते, वाळल्यावर मात्र पाचर घालून घण मारला तरी दाद देत नाही. मधोमध घाव न घालता कडेकडेने ढलप्या काढत आत जावे, आणि टोकाला चीर पडली असेल तर पाचर तिच्यातच बसवावी. गाठींचे ओंडके सरळ बाजूला ठेवावेत, त्यांच्यापायी दांडा मोडून घेण्यात अर्थ नाही.

ओलावा सालीतून फारसा बाहेर पडत नाही. तो कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून जातो, म्हणून अखंड ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच निघतो. ताडपत्री घट्ट बांधणे ही आपली खरी चूक झाली, कारण लाकडातून निघालेली वाफ तिच्याखालीच कोंडून पुन्हा लाकडावर बसते. दगडांवर आडवे वासे टाकून रास जमिनीपासून वीतभर उचलावी, वर कलता पत्रा घालावा आणि बाजू मोकळ्या सोडाव्यात. झड ज्या अंगाने येते तेवढेच अंग आडोशाने झाकावे.

शिराळा पश्चिम
वरील सर्व मान्य, पण पावसाळ्यात वाळेल का, याचे उत्तर नाही असेच आहे. नीट जळण्यासाठी लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली यावा लागतो, आणि हवेतील आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असताना सावलीतले लाकूड तिथवर सहसा उतरत नाही. खरी वाळवण ऑक्टोबरच्या उन्हापासून सुरू होते. मनगटाएवढ्या ढलप्या होळीपर्यंत तयार होतात, जाड राहिल्या तर पुढचा हंगाम लागतो.

आम्ही राशीच्या मधली एक ढलपी काट्यावर तोलून तिच्यावर कोळशाने वजन लिहितो आणि दर पंधरवड्याला पुन्हा तोलतो. उन्हाळ्यात वजन घटायचे थांबले की रास तयार झाली. श्रावणात थांबले तर फसू नये, तिथे हवाच दमट असते. आंब्याला भुंगा लवकर लागतो, तेव्हा तो वेगळा रचून आधी जाळावा.

कोयनाकाठ
दोघांचेही आभार. आज उघाडीत अकरा ओंडके फोडले, गाठींचे दोन तसेच आहेत. चुलीच्या वरच्या फळीवर रोजच्यापुरत्या ढलप्या ठेवल्या तर चालेल का?

जावळीचा शेतकरी
चालेल, आमच्याकडे पूर्वापार तसेच करतात. फक्त ज्वाळेपासून दोन-अडीच हातांचे अंतर राखावे आणि रात्री निखारे विझवल्याशिवाय झोपू नये.