'धूर' लेखाची पहिली ओळच चुकीची वाटतेय, कशी लिहू?

मुक्तसंपादक:
मंडळी, आपल्या विश्वकोशातला 'धूर' हा लेख सुधारायला घेतलाय. सगळा मिळून नऊ ओळींचा आहे आणि सुरुवातच अशी की "धूर म्हणजे वस्तू जळल्यावर निघणारा वायू". मला हे खटकतंय, कारण वायू असता तर दिसला कसा असता, कार्बन डायऑक्साइडही निघतोच की, तो कुठे दिसतो? शिवाय फोटो लावलाय तो वीजकेंद्राच्या त्या कमरेत बारीक असलेल्या अवाढव्य मनोऱ्याचा आणि खाली 'कारखान्याचा धूर'. दोन संध्याकाळी गेल्या, पहिल्या वाक्यापुढे सरकलो नाहीये. काय घालू?

रसायनवाली:
शंका बरोबर आहे पण "वायू दिसत नाही" हे कारण लेखात देऊ नका, क्लोरीन पिवळसर हिरवा दिसतोच. धूर म्हणजे गरम वायू आणि हवेत तरंगणारे घन कण आणि द्रवाचे अतिबारीक थेंब, इंधन पुरतं जळलं नाही की तयार होणारे. बरेचसे कण एका मायक्रॉनहूनही (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान असतात म्हणून खाली न बसता तरंगत राहतात.
एकदा मेणबत्ती विझवून बघा. वातीवरून जी पांढरी दोरी वर चढते ती काजळी नाही, मेणाची वाफ गार होऊन झालेले थेंब आहेत ते. पेटती काडी वातीला न टेकवता एक-दोन सेंटीमीटर वर त्या दोरीत धरा, ज्योत टपकन खाली उतरून वात पेटवते. म्हणजे हा धूर जळायचं राहून गेलेलं इंधनच आहे! मायकेल फॅरडेंनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर जी व्याख्यानं दिली त्यात हा प्रयोग आहे, लेखात नक्की घ्या.
रंगाचाही एक परिच्छेद हवा. सिगारेटच्या टोकाचा धूर निळसर दिसतो कारण कण इतके लहान की निळा प्रकाश जास्त विखुरतो, तोच छातीत जाऊन बाहेर आला की ओलाव्याने कण मोठे होतात आणि पांढुरका दिसतो. काळा धूर काजळीचा.
आणि तो फोटो काढाच, तो मनोरा पाणी गार करायचा असतो, त्यातून निघतात ते पाण्याचे थेंब आहेत, धूर नाही.

तर्कट:
इतिहासात न्यायशास्त्र विसरू नका, म्हणजे कायदा नव्हे, तर्काचा अभ्यास करणारं आपलं जुनं न्यायदर्शन. "जिथे धूर तिथे अग्नी" हे अनुमानाचं ठरलेलं उदाहरण, पण उलटं चालत नाही हेही त्या पंडितांनी सांगितलंय, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धुराला अग्नीबरोबर ओलं इंधन लागतं असं ते म्हणतात. रसायनवाली ताई जे अपुऱ्या ज्वलनाचं सांगतायत त्याच्या किती जवळ आहे बघा.

बंबवाला:
आगी विझवण्याच्या कामात आहे म्हणून सांगतो, आरोग्याच्या भागात "धूर हानिकारक आहे" एवढंच लिहून सोडू नका. घराच्या आगीत माणसं भाजून मरतात त्यापेक्षा धुराने जास्त मरतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि त्याला ना रंग ना वास, त्यात लोकर, नायलॉन, सोफ्यातला फोम जळला की हायड्रोजन सायनाइड पण येतो. गरम धूर आधी छताला जाऊन साठतो आणि मग थर खाली खाली यायला लागतो, आम्ही आत शिरतो तेव्हा कमरेच्या वर काही दिसत नाही पण जमिनीलगत टॉर्चचा उजेड जरा लांब जातो. म्हणून बाहेर पडताना रांगत या, हे वाक्य लेखात हवंच हवं. काजळीबद्दल लिहिणार असाल तर पर्सिव्हल पॉट हे इंग्रज सर्जन घ्या, धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर त्यांनी १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता.

मुक्तसंपादक:
सगळ्यांचे मनापासून आभार, आता सुरुवात अशी केलीय: "धूर म्हणजे इंधन पुरतं न जळल्यामुळे तयार होणारे, हवेत आणि गरम वायूंत तरंगणारे घन कण व द्रवाचे थेंब यांचं मिश्रण." लेखात टाकताना भाषा प्रमाण करेन. त्या मनोऱ्याच्या जागी विझलेल्या मेणबत्तीचा फोटो टाकतोय, काळ्या पार्श्वभूमीवर काढला तर ती दोरी स्पष्ट येते, आत्ताच तीनदा काढून बघितला.

रसायनवाली:
वाक्य छान झालंय. फक्त "इंधन" ऐवजी "पदार्थ" करा, सोफा काय कुणी इंधन म्हणून आणत नाही.