कोरियांची ड्रॉइंग्ज लंडनला गेली त्याबद्दल

ताई, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची सहा हजारांवर ड्रॉइंग्ज लंडनच्या रिबाला, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेला गेली, ती भारतातच राहायला हवी होती हे तुमचं म्हणणं पटतं, माणूस जन्मला १९३० ला सिकंदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता तिथंच, अन् साबरमतीच्या गांधी संग्रहालयापासून मुंबईच्या कांचनजंगा इमारतीपर्यंत बहुतेक काम इथलंच. पण कागद जपले गेले हे लै मोठं आहे. अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची जुन्या पद्धतीची कॉपी, उजेडात राहिली की रेषा उडतात, जुना ट्रेसिंग पेपर घडीवर तुटतो, माळ्यावर वाळवी. त्याला सपाट ड्रॉवर, अंधार अन् कोरडी थंड हवा लागते. आणि नुसते फायनल नकाशे नाही, रद्द केलेली स्केचेस, क्लायंटची पत्रं, इंजिनिअरनं पेन्सिलीनं केलेल्या खुणा हेच खरं धन, कारण जिना इकडून तिकडं का सरकला हे उभ्या इमारतीत दिसतच नाही.

मला जास्त काळजी आपल्याकडची वाटते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं गावंच्या गावं नव्या जागी आखली, ते काम केलेले लोक आता रिटायर व्हायलेत, ऑफिस आवरताना पहिले नकाशांच्या गुंडाळ्याच रद्दीत जातात. कुणाकडं असं काही असलं तर कृपया टाकू नका, जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजात विचारा, मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, मोबाईलच्या फोटोत मापं वाकडी येतात. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद फेकू नका.