एबल सीफेअरर इंजिन: कोर्स केला म्हणून ६ महिन्यांची सूट का?

जुना मोटरमन, माझगाव
एसटीसीडब्ल्यू म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगचा आणि सर्टिफिकेटचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या २०१० च्या मनिला दुरुस्तीत इंजिनरूमच्या खलाशांसाठी एबल सीफेअरर इंजिन या वरच्या सर्टिफिकेटचा नवा नियम आला. वॉचकीपिंगचं, म्हणजे पाळीने इंजिनवर लक्ष ठेवायचं, सर्टिफिकेट मिळाल्यावर इंजिन खात्यात १२ महिने बोटीवर काढा, नाहीतर मान्यताप्राप्त ट्रेनिंग करून ६ महिने. ही अर्ध्याची सूट मला पटत नाही.
दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला, रात्री १२ ते ४ च्या वॉचला, फ्युएल पाइपच्या लॅगिंगवर, म्हणजे पाइपभोवतीच्या उष्णतारोधक वेष्टणावर, मला बोटभर ओला डाग दिसला. अलार्म वाजला नव्हता. थर्ड इंजिनियरला हाक मारली, लॅगिंग सोडलं तर आत जोड गळत होता. हातभर अंतरावर एक्झॉस्ट तापलेला. पहिल्या बोटीवर तो डाग मी फडक्याने पुसून पुढे गेलो असतो.

वायपर ते मोटरमन
काका, डाग ओळखायला तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल. मी पहिले ९ महिने वायपर, म्हणजे इंजिनरूमचा साफसफाईचा खलाशी होतो; चिंध्या आणि बादली घेऊन टँकटॉप, म्हणजे इंजिनरूमचा तळ पुसला. प्युरिफायर, म्हणजे तेलातलं पाणी आणि गाळ काढायचं यंत्र, उघडायचा झाला की मला बिल्जवर, म्हणजे तळाशी साचलेलं घाण पाणी काढायला पाठवायचे. तो पहिल्यांदा उघडला मुंबईत, कोर्सच्या वर्कशॉपमध्ये. बाउलमधल्या डिस्क मोजून काढल्या, मोजून बसवल्या. नुसते महिने भरून मला हे आलं असतं का?

खलाशाची बहीण, गुहागर
दोन बोटींमधले महिने कुणीच धरत नाही. १२ महिने भरायला दोन कॉन्ट्रॅक्ट लागतात, मधे भाऊ बोट मिळेपर्यंत डोंगरीच्या खोलीत बसून असतो. सूट काढलीत तर सगळा भार अशा पोरांवर येईल. त्यांना बढतीचा पगार उशिरा मिळेल, एवढंच.

जुना मोटरमन, माझगाव
ताई, खोलीचं भाडं मीही भरलंय, म्हणून तुमचं म्हणणं डावलत नाही. पण वर्कशॉपमधला बाउल थंड असतो, पायाखालची जमीन हलत नसते. आणि वायपरला प्युरिफायरपासून लांब ठेवणं ही त्या बोटीवरच्या सेकंड इंजिनियरची चूक. ती कोर्सने झाकली जाते, हाच माझा राग आहे.

वायपर ते मोटरमन
मग सेकंडला जाब विचारा, माझे ६ महिने कशाला वाढवता? कुठलं काम माझ्या हाताने करून घेतलं, त्यावर तारखेसह सही घ्या आणि नेमकं तेच काम परीक्षेत करायला लावा. उद्या बोलावलंत तर मी येतो.

जुना मोटरमन, माझगाव
ही सही सक्तीची झाली तर ६ महिन्यांना माझी ना नाही. आधी सही, मग सूट.