भाकरी, गूळ आणि पहाटेचे चालणे सुरू करूनही जेवणानंतरची साखर का उतरत नाही?

पायवाट यांचा प्रश्न:

माझे वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ७.६ निघाला आणि तेव्हापासून मधुमेहाची मेटफॉर्मिन ५०० ची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. घरात कोणीही लठ्ठ नाही, मीही नाही. आईला मात्र साठीत मधुमेह झाला होता. निदान झाल्यावर मी गव्हाच्या पोळ्या सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली, चहात साखरेऐवजी गूळ घालू लागलो आणि रोज पहाटे चाळीस मिनिटे चालतो. तरीही अलीकडचा एचबीए१सी ७.३ आहे. उपाशीपोटीची साखर ११८ असते, पण रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी ती २१० च्या आसपास जाते. रात्री दोन भाकऱ्या, भाजी आणि थोडा वरणभात एवढेच जेवण असते, आणि एकादशी-चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. डॉक्टर दुसरी गोळी सुरू करणार होते. मी त्यांच्याकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली आहे. नेमके कोठे चुकते आहे?

तराजू यांचे उत्तर:

उपाशीपोटीचा आकडा बरा आणि जेवणानंतरचा चढा, यावरून पहिला संशय रात्रीच्या ताटावरच जातो. आपल्याकडे भाकरीला औषधाचा मान मिळाला आहे, पण घरच्या काट्यावर पीठ तोलून पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. आमच्या घरी एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ लागते, म्हणजे त्यात सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदके आली. पोळीला तीस ग्रॅम कणीक पुरते. याचा अर्थ एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची होते, आणि आपण दोन भाकऱ्यांवर पुन्हा भात घेता. ज्वारी वाईट नाही, परंतु धान्य बदलले आणि प्रमाण तेच राहिले किंवा वाढले, तर रक्तातील साखरेला त्या बदलाची फारशी दखल घ्यावी लागत नाही. गुळाचेही तेच: तो बहुतांशी साखरच आहे, त्यामुळे गुळाचा चहा हा मधुमेह्याच्या दृष्टीने गोड चहाच होय.

माझी सूचना अशी की रात्री एकच भाकरी ठेवावी, भात वगळावा आणि रिकाम्या झालेल्या जागी मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, दही, चालत असल्यास अंडी किंवा मासे घ्यावेत. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करून भाकरी शेवटी खाल्ल्यास साखर कमी चढते, हे मी स्वतः ग्लुकोमीटरवर वारंवार पाहिले आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यात बटाटा पडला की उपवासाचा दिवस हाच आठवड्यातील सर्वांत जड दिवस ठरतो. (आमच्या सासूबाईंना हे पटवायला दोन चातुर्मास गेले.)

ओसरी यांचे उत्तर:

आपण लठ्ठ नाही असे म्हणता, तरी कृपया बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. आपला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ च्या आसपास येतो. पाश्चात्त्य मापाने तो ठीक असला तरी भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त मानतात, आणि पुरुषांच्या पोटाच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट फार मार्मिकपणे दाखवली आहे. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. ही तुलना त्या दोघांच्या छायाचित्रासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हातपाय काटकुळे, स्नायू कमी आणि पोटात चरबी अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते.

जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ग्लुकोज आत घेऊ शकतो. म्हणून पहाटेचे चालणे चालू ठेवून रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. मात्र जड वजने उचलण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी, कारण तेथील रक्तवाहिन्या नाजूक झाल्या असतील तर असा जोर धोकादायक ठरतो.

आडवाट यांचे उत्तर:

दिवसातून दोनदाच जेवण्याची, डॉ. जिचकर आणि डॉ. दीक्षित यांच्यामुळे घरोघरी पोहोचलेली पद्धत कोणीतरी आपल्याला सुचवीलच, म्हणून आधीच लिहितो. माझे वजन त्या पद्धतीने उतरले, परंतु मी तेव्हा ग्लिमेपिराइड, म्हणजे शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी, घेत होतो आणि डॉक्टरांना न विचारता जेवणे कमी केली. एका दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर ५८ होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायलो तेव्हा सावरलो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असा प्रसंग क्वचितच येतो, पण तीन महिन्यांनी दुसरी गोळी आलीच, तर ती कोणत्या जातीची आहे हे विचारल्याशिवाय उपवास करू नका.

पायवाट यांचा प्रतिसाद:

सर्वांचा आभारी आहे. पोटाचा घेर ९६ निघाला. गेले बारा दिवस एक भाकरी, वाटीभर उसळ, भात नाही आणि जेवणानंतर कॉलनीला दोन फेऱ्या असा क्रम ठेवला असून दोन तासांनंतरचे आकडे १५२ ते १७१ या दरम्यान येत आहेत. चतुर्थीला मुद्दाम नेहमीची खिचडी खाऊन पाहिली, तर २३८! भूक मात्र रात्री अकराला लागते, त्याचे काय करावे?

तराजू यांचे उत्तर:

मूठभर भाजलेले चणे किंवा वाटीभर ताक घेऊन पाहा, आणि उसळ थोडी वाढवा. दुसरे म्हणजे, आपण शाकाहारी असाल तर पुढच्या रक्ततपासणीत बी१२ जीवनसत्त्व पाहायला सांगा, कारण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ते कमी होऊ शकते आणि त्यामुळे पायाला येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्याच समजल्या जातात. एकादशीला भगर खाणार असाल तर तिचाही आकडा येथे लिहा. आमच्या घरी तो साबुदाण्याहून फार कमी आला नव्हता.