माजी सचिवांच्या संगणकातील सभासद नोंदवही

सी-१०१, अध्यक्ष: सर्व सभासदांना नमस्कार. मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे इमारत व जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या) अर्जासोबत सभासदांची यादी जोडायची आहे आणि तिचा ताळमेळ घालण्यासाठी जुनी नोंदवही हवी आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या अनेक सोसायट्यांप्रमाणे आपल्याही कार्यालयात पाणी शिरले आणि मूळ वह्या भिजल्या. बी-३०४ मधील काकांनी, म्हणजे आपल्या माजी सचिवांनी, ती पाने वाळवून, पुढे सवडीने एकेक करत, आपल्या घरच्या संगणकावर उतरवून ठेवली होती. तोच संगणक आता सुरू होत नाही. कोणाला यातले कळत असेल तर कृपया मदत करावी.

बी-३०४: संगणक २००८ सालचा आहे, त्यात विंडोज एक्सपी आहे. मी दोन महिने गावी होतो. परत आल्यावर सुरू केला, तेव्हा प्रथम काळ्या पडद्यावर एफ१ दाबण्याची सूचना आली, नंतर विंडोजचे चिन्ह दिसले, क्षणभर निळा पडदा चमकला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. हे असेच चालू राहते. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी हार्डडिस्क गेली असे सांगून फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला, पण माझे मन धजावले नाही.

ए-५०२: काका, थांबलात ते फार बरे केलेत. कृपया फॉरमॅट करू देऊ नका आणि कोणी 'चेकडिस्क चालवा' म्हटले तरी तेही आज नको, कारण डिस्क खरोखर आजारी असेल तर तो प्रोग्राम तिच्यावर लिहू लागतो आणि वाचण्याजोगे आहे तेही हातचे जाऊ शकते. दोन गोष्टी सांगाल का? संगणक सुरू होताना एफ८ दाबत राहिल्यास एक यादी येते, तीत बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचा पर्याय असतो. तो निवडला की निळा पडदा स्थिर राहील, त्याचा फोटो पाठवा. आणि गावी जाताना आपण मेन स्विच बंद केला होता का?

बी-३०४: हो, घरचा मेन स्विच बंद करूनच गेलो होतो. फोटो पाठवत आहे. खाली स्टॉप लिहून लांबलचक आकडा आहे, त्याच्या शेवटी ७बी आहे.

ए-५०२: मग माझा अंदाज असा आहे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते, ती घड्याळ आणि बायॉसमधील (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममधील) निवडी जपते. संगणक बंद असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत हे काम पुरवठ्यातील विजेवर भागते, त्यामुळे बॅटरी संपलेली वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. आपण मेन स्विच बंद केला आणि सर्व निवडी पुसून मूळ स्थितीत गेल्या. त्यांपैकी एक निवड साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारा मदरबोर्डवरचा भाग, कोणत्या पद्धतीने चालावा याची असते: जुनी आयडीई की नवी एएचसीआय. एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत विंडोजला समजावणारा लहान प्रोग्राम, मुळात नसतोच. तेव्हा तो फ्लॉपीवरून, स्थापना सुरू असताना एफ६ दाबून द्यावा लागे. आपला एक्सपी आयडीई पद्धतीत बसवलेला असणार आणि बायॉस आता एएचसीआयवर गेला असणार. डिस्क शाबूत असूनही विंडोजला तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ता सापडत नाही. ७बी या आकड्याचा अर्थच तो आहे.

डी-२०३: मग थेट नवीन ड्रायव्हर टाकता येणार नाहीत का? इंटरनेटवर सर्व ड्रायव्हर एकत्र देणारे प्रोग्राम मिळतात.

ए-५०२: दादा, कृपया तो मार्ग नको. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला, त्यामुळे तो संगणक इंटरनेटला जोडणेच मला धोक्याचे वाटते, आणि अनोळखी ठिकाणचा कंट्रोलर ड्रायव्हर चुकीचा निघाला तर आज आहे तोही तपास अवघड होईल. जी निवड बदलली ती परत फिरवणे पुरेसे आहे. पण त्याआधी डिस्क बाहेर काढून तिची प्रत घेऊ. माझ्याकडे साटा ते यूएसबी वायर आहे, मात्र ती लॅपटॉपच्या डिस्कसाठी आहे. काकांची साडेतीन इंची डिस्क फिरण्यासाठी १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. स्वतंत्र अडॅप्टर असलेली वायर कोणाकडे आहे का?

सी-४०२: माझ्याकडे आहे. संध्याकाळी सुरक्षारक्षकाकडे ठेवते.

ए-५०२: प्रत झाली. सर्व फोल्डर नव्या डिस्कवर घेतले आहेत आणि एकही फाइल वाचताना अडली नाही. परंतु नोंदवहीची फाइल माझ्या संगणकावर उघडली असता मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. काकांनी युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच उमटणारी अक्षरपद्धती) रूढ होण्यापूर्वीच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टंकलेखन केले आहे आणि त्याचे कुलूप, म्हणजे मागे लावायचा लहान डोंगल, त्यांच्याच संगणकाला आहे. त्यामुळे जुना संगणक उठवावाच लागेल.

बी-३०४: आज सकाळी ए-५०२ मधील ताई आल्या होत्या. आमच्याकडच्या व्होल्ट मोजायच्या मीटरवर जुन्या बॅटरीत जेमतेम २ व्होल्ट दिसले, ३ हवे होते. नवी घातली, तारीख लावली, बायॉसमध्ये साटाची पद्धत आयडीई केली आणि एक्सपी उघडला. मात्र डेस्कटॉप यायला ११ मिनिटे लागली. पूर्वी इतका वेळ कधीच लागत नव्हता.

ए-५०२: हा दुसरा दोष जुनाच असावा असे वाटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनल उघडून पाहिले, तर चालू पद्धत 'पीआयओ' दिसली. वायरीतून माहिती येताना वारंवार चुका होऊ लागल्या की एक्सपी वेग पायरीपायरीने उतरवतो. अशा सहा चुका साठल्या की एक पायरी खाली, आणि शेवटी पीआयओ. तेथे प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलून द्यावी लागते. कमाल वेग सेकंदाला १६.६ मेगाबाइट, आणि अल्ट्रा डीएमए या प्रोसेसरला न गुंतवणाऱ्या वेगवान पद्धतीच्या पाचव्या पायरीवर तोच १००. एकदा खाली आलेला वेग वायर बदलली तरी आपोआप वर जात नाही. म्हणून साटाची वायर बदलली, ते चॅनल अनइन्स्टॉल केले आणि संगणक पुन्हा सुरू करून विंडोजला ते नव्याने शोधू दिले. डेस्कटॉप आता दीड मिनिटात येतो.

डी-२०३: दोष डिस्कचा नसून वायरीचाच होता, हे कशावरून ठरवले?

ए-५०२: डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तीत खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची संख्या शून्य आहे, वाचायच्या राहिलेल्यांचीही शून्य, पण सीआरसी चुकांचा, म्हणजे पाठवलेली माहिती पडताळताना न जुळल्याचा, आकडा ४१२ आहे. या चुका वाटेत होतात, तबकडीवर नाही. तो आकडा कधीच कमी होत नसतो, म्हणून ४१२ पाहून घाबरू नये. तो वाढतो का एवढेच पाहायचे. काल रात्री संपूर्ण नोंदवही दोनदा उघडून पाहिली, आकडा ४१२ वरच आहे. काकांनी मात्र तो दर रविवारी वहीत लिहून ठेवावा, आणि वाढला तर त्याच दिवशी मला हाक मारावी.

बी-३०४: लिहून ठेवीन. आज नोंदवहीची पहिली २० पाने छापून झाली. सातव्या पानावर 'शाई पसरली आहे, सभासदाकडून खात्री करावी' अशी माझीच तेव्हाची टीप तीन नावांपुढे आहे. त्या सदनिका ए-१०४, बी-२०२ आणि सी-३०३. या तिन्ही घरांनी आपापले भागप्रमाणपत्र घेऊन उद्या संध्याकाळी ७ नंतर माझ्याकडे यावे, ही विनंती.