प्रति: घरी रुग्णसेवा करणाऱ्या बायकांची काळजी कुणी घ्यायची?

वर एका ताईंनी विचारलंय, रुग्णाला उचलताना सेविकेची कंबर धरली तर जबाबदारी कुणाची? घरच्यांचीच, असं माझं स्पष्ट मत. आमच्या रत्नागिरीकडे मुलं मुंबईला, म्हातारी माणसं गावाला आणि दिवसरात्र सांभाळायला एकटी बाई. ताई, आजोबांना काखेत हात घालून ओढू नका. पाठीखाली दुहेरी चादर घालून दोघांनी मिळून सरकवायचं; दुसरा माणूस घरच्यांनी ठरवून ठेवावा. पावसाळ्याआधी मोरीतलं, जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घरच्यांकडून खरवडून घ्या. इन्सुलिनच्या वापरलेल्या सुईला टोपण लावू नका, जाड डब्यात टाका. आणि कुणी अंगचटीला आलं तर सोसू नका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घरही कामाची जागा मानलंय. ३ महिन्यांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते.